पाठीतल्या चुण्या

मी शिंपी. माझ्या हातच्या कपड्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. ही घमेंड आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं.

माझी लेक दुकानातच काज-बटणं करायची. पाठ दुखते म्हणायला लागली, तेव्हा मी तिची टर उडवली. "वाकून बसतेस, दुसरं काय! मी तीस वर्षं बसतोय, मेलो का?" संध्याकाळी तिला कणकण यायची, जेवण तुटलं होतं. बायकोनं डॉक्टरचं नाव काढलं की मी तिच्यावरच डाफरायचो.

मग तिचा नवा कुर्ता बेतताना पाठीचं माप अर्धा इंच वाढलेलं भरलं, पुढचं तेवढंच कमी. खांद्यांच्या मधोमध बोटांना टेंगूळ लागलं. पोरगी लग्नाच्या वयाची. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी तिच्या सगळ्या कुर्त्यांच्या पाठीत चुण्या घातल्या, आतून बकरमचं ताठ कापड लावलं. तीन महिन्यांनी आणखी अर्धा इंच, आणखी चुण्या. सख्ख्या आईला पत्ता लागला नाही, इतकं काम बेमालूम. मला तर त्याचं कौतुकच वाटलं होतं.

एका सकाळी ती स्टुलावरून उठली आणि कोसळली. कमरेखाली काहीच कळत नव्हतं.

इस्पितळात फोटो काढले, सुईनं पू काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मणक्याचा टीबी आहे. दोन मणके पोखरलेत, पू मज्जारज्जूवर दाबतोय. ऑपरेशन करावं लागेल, मग दीड वर्ष गोळ्या. एक दिवसही चुकवायचा नाही. पायांची खात्री देत नाही. पाठीला बाक कधीपासून होता?"

"बाक नव्हताच हो," बायको म्हणाली. "मी रोज बघते ना तिला."

मी फोटो पाकिटात घालत राहिलो.

ऑपरेशन झालं. सात आठवडे गोळ्या झाल्या, ताप उतरला, वजनही वाढलं. डॉक्टरीणबाई रोज पायाचा अंगठा दाबून विचारायच्या, "कळतंय?" ती मान हलवायची. नाही. बायको स्वतःलाच बोल लावत रडायची, "माझेच डोळे फुटले होते." मी तेही ऐकून घेतलं. लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं.

घरी सोडायच्या दिवशी बायको औषधं आणायला गेली. मी लेकीच्या पाठीचा पट्टा बांधत होतो.

"बाबा, चुण्यांचं आईला सांगू नका."

मी बांधलेला पट्टा पुन्हा सोडला.

"ती तुम्हाला घरात ठेवणार नाही," ती म्हणाली. "आणि मला उचलायला दुसरं कोण आहे?"