बिनचेंडूचा मार्च

हरलेल्या माणसांवर लोक म्हातारपणी फार प्रेम करतात. मॅलर्ड्स, म्हणजे रानबदकं, या बेसबॉल संघाचंच बघा. बासष्टच्या हंगामात हा संघ एकशे चार सामने हरला, तेव्हा प्रेक्षक त्यांच्या अंगावर अर्धे खाल्लेले हॉट डॉग फेकायचे. आज तेच प्रेक्षक डोक्यावर बदकाचं चित्र असलेल्या टोप्या घालून फ्लोरिडातल्या मासळीच्या खानावळीत जमले होते आणि एकेका म्हाताऱ्या खेळाडूची सही घेत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

लायल हॅकेटला हे बघवत नव्हतं. तो त्या संघाचा कॅचर. सहा वर्षं फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून त्याने गुडघ्यांची वाट लावून घेतली, आणि त्रेसष्टच्या वसंतातल्या सराव शिबिरात, अगदी शेवटच्या दिवशी, नव्या मॅनेजरने त्याला घरी पाठवलं. तेहतिशीचा कॅचर पुन्हा कोण घेणार? उरलेली उमर ओहायोत लोकांच्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करण्यात गेली. असल्या जेवणांकडे तो फिरकायचा नाही. या वर्षी आला, कारण विन्स ड्रॅगोटीने फोन केला.

"एमरी स्लॉसन येतोय. नव्वदीला टेकलाय थेरडा. काय विचारायचं ते आत्ताच विचारून घे."

स्लॉसन म्हणजे तोच मॅनेजर. आणि विन्स म्हणजे संघाचा डावखुरा पिचर, लायलचा जिवलग. विन्सने टाकलेला प्रत्येक चेंडू सहा वर्षं लायलने झेलला होता, पुढे त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं होतं, आणि अजूनही दर नाताळात तो तिच्या घरी जायचा. लायलला स्लॉसनकडून एकच गोष्ट हवी होती: मला का काढलंत, याचं उत्तर. थेरडा ते सोबत घेऊन गेला असता तर लायल सुखाने मेला नसता. हे बायकोलाही ठाऊक होतं, म्हणून बॅग तिनेच भरून दिली.

जेवणं अर्ध्यावर आली तसा गिल प्रेंटिस माइक घेऊन उठला. हा रेडिओवर सामन्यांचं वर्णन करायचा. मॅलर्ड्सच्या हरण्याचे किस्से सांगून ज्याचं पोट भरलं असा संघातला हा एकटाच.

"मंडळी, चेंडूंची गोष्ट हवी ना?"

लोकांनी टेबलं बडवली. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. स्लॉसनने शिबिराच्या पहिल्याच सकाळी सगळे चेंडू गोळा करून कोठीत कुलूपबंद केले. म्हणाला, तुम्हाला चेंडू दिला की तुम्ही तो पाडता, तेव्हा आधी चेंडूशिवाय खेळून दाखवा. मग आठवडाभर मोठमोठे बाप्ये हवेत हातवारे करत धावत होते, नसलेला चेंडू फेकत होते, नसलेला चेंडू झेलत होते. कुंपणाला टेकून पेन्शनर लोक हसत होते.

"आणि चेंडू अडवायला ठेवलेला आमचा शॉर्टस्टॉप," विन्स बसल्या जागेवरून ओरडला, "त्याच्या हातून तोसुद्धा सुटला."

खानावळ गदगदली. गिलने डोळे पुसले. लायलने मात्र काटा बशीत ठेवला. त्याला आठवत होती ती लाज. वर्तमानपत्रात फोटो आला होता, हात पसरून आभाळाकडे बघणाऱ्या कॅचरचा, आणि तो त्याच्या बापाने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्याच्या हातात पाहिला होता. मग स्लॉसनने कपडे बदलायच्या खोलीतली स्टुलं उचलून नेली. हरणाऱ्यांनी बसायचं नाही म्हणे. महिनाभर सगळे उभ्याने मोजे घालत होते, भिंतीला धरून, एकमेकांवर आदळत, आणि खिदळत. होय, तेव्हाही खिदळतच होते.

लायल उठला आणि मागच्या व्हरांड्यात गेला. स्लॉसन तिथे एकटाच कोळंबी सोलत बसला होता. म्हातारा वाळून गेला होता, पण मान अजून ताठ होती.

"ओळखलंत का?"

"हॅकेट. सेकंड बेसवरची तुझी फेक थोडी उजवीकडे जायची."

"मला का काढलंत? तुम्ही ज्या पोराला ठेवलंत त्याला धड चेंडू अडवता येत नव्हता."

"नव्हताच येत. तुझ्या पासंगाला पुरला नसता तो."

लायल थाप ऐकायच्या तयारीनेच आला होता. वय झालं होतं, गुडघे गेले होते, मालकांचा हुकूम होता. यातलं काहीही ऐकायला आणि त्यावर भांडायला तो तयार होता. हे उत्तर त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"मग का?"

"तुम्हाला राग यायचा नाही म्हणून." स्लॉसनने कोळंबीचं टरफल बाजूला टाकलं. "हरायचे आणि बसमध्ये पत्ते कुटायचे. चेंडू काढून घेतले, हसले. स्टुलं काढली, हसले. म्हटलं, यांच्या सगळ्यात लाडक्या माणसालाच हात घालू. आता तरी एखादा चिडून माझं दार लाथेने उघडेल. मला एकच हवा होता रे. एक आला असता तर मी तुला स्टेशनवरून परत आणलं असतं. दुपारपर्यंत मी तुझं नाव वर कळवलंच नव्हतं."

लायलला ती सकाळ दिसली. कोच आला, खांद्याला बोट लावलं, मॅनेजरने बोलावलंय म्हणाला. बेसबॉलमध्ये ही जुनी रीत आहे: ज्याला काढलं त्याच्याकडे बघायचं नाही. बोललात तर त्याचं दुर्दैव तुम्हाला लागतं. जणू त्या माणसाला पटकी झालीय. लायलने बॅग भरली तेव्हा पंचवीस पाठी त्याच्याकडे वळलेल्या होत्या. त्याला त्याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. शिष्टाचारच तसा.

"माझ्या आयुष्यावर जुगार खेळलात तुम्ही."

"खेळलो. आणि हरलो. त्या वर्षी एकशे अकरा."

"मला वाटलं होतं, निदान माफी मागाल."

"माफी मागायला नव्वद वर्षांचा झालो नाही मी."

लायलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याची कॉलर धरायला हात शिवशिवत होते. तरी त्याने तो दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायचं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"कुणीच आलं नाही? विन्ससुद्धा नाही?"

"ड्रॅगोटी? तो आला होता ना." स्लॉसनने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "दार वाजलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. म्हटलं, आला बाबा एकदाचा. तर हा टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, साहेब, आता यादी पक्की झाली ना? मी संघात राहिलो ना? मग बायकोला कळवू का हंगामापुरतं घर भाड्याने घ्यायला?"

लायल आत आला तेव्हा माइक विन्सच्या हातात होता.

"लायल गेला ना, त्या दिवशी आमच्यातला एकजणही जेवला नाही," विन्स सांगत होता. बदकांच्या टोप्या माना हलवत होत्या. "असला भाऊ पुन्हा मिळणार नाही. तो बघा, उभाय."

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. विन्स पुढे येऊन त्याला बिलगला.

"काय म्हणाला थेरडा? दिलं उत्तर?"

"दिलं. म्हणाला, तू घर भाड्याने घेतलंस."

विन्स आधी हसला, सवयीने. मग त्याचा हात लायलच्या पाठीवरून हळूहळू निघाला.

"घरं पटापट जायची रे, लायल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मुलगी पोटात होती. आणि तुला तर काढलंच होतं. तू माझ्या जागी असतास तर वेगळं काय केलं असतंस?"

लायलने विचार केला. सहा वर्षांत किती जण बॅग भरून गेले, आणि त्यातल्या कुणासाठीही त्याने कधी कुठलं दार वाजवलं नव्हतं. विन्सचं म्हणणं खरं होतं, आणि त्यामुळेच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. छत्तीस वर्षं त्याने सगळा द्वेष एका माणसासाठी नीट जपून ठेवला होता. आता तो पंचविसांत वाटायचा होता, आणि समोरचे ते गिलच्या एका हाकेसरशी फोटोसाठी खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते.

"ये ना," विन्स म्हणाला. "तुझी जागा मधली."

"तुझ्या मुलीला सांग," लायल म्हणाला, "नाताळात मी येणार नाही." आणि त्याने खुर्चीवरचा कोट उचलला.