तोंडात गंगा

डावी कूस

शरदिनीबाईंच्या पाठीशी उशी. गुडघ्यांमध्ये उशी. टाचा अधांतरी. नर्स निवेदिताचे हात हे आपोआप करतात. तिला काही वाटत नाही.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाईंना गिळता येत नाही. नाकात नळी, नळीतून दूध.

मुलगा विश्वेश दोन पावलं लांब उभा. काशीत रामघाटावर पूजा सांगतो. संध्याकाळची पूजा व्हायची आहे, म्हणून पलंगाला शिवत नाही.

"ऑटोत बसून आलात, तेव्हा सोवळं मोडलं नाही का, काका?"

"तू मंगला गौरीच्या गल्लीतली पोर. तुला काय सांगायचं? आईच्या तोंडात गंगा पडू दे."

"छातीत जाईल. मग खरंच जातील त्या."

"आणि तशीच गेली तर?"

"घसा सुधारतो कधीकधी."

"कधीकधी!"

पाठ

बाईंना पाठीवर वळवून ओल्या बोळ्याने ती त्यांची जीभ पुसते.

"हे तरी गंगेच्या पाण्याने कर."

"उकळून आणा. बोळा घट्ट पिळून फिरवीन."

"उकळलेली गंगा! काशीत जन्मून हे बोलतेस?"

पलीकडच्या पलंगावर सलाईन संपलं. ती तिकडे वळली.

मग खोकला. खोकलाही नाही, घरघर.

बाई उताण्या. ओठ निळे. विश्वेशच्या हातात तांब्याची पळी, रिकामी. बाईंना न शिवता, गंगा वरूनच ओतलेली.

उजवी कूस

तिने एकटीनेच त्यांना कुशीवर ओढलं. घशात पाणी ओढून घेणारी नळी. मशीन घुरघुरलं. भिंतीवरच्या बाटलीत फेस, पाणी, तुळशीचं एक पान.

"काढू नकोस! गंगा काढतेस तू तिच्यातली!"

पुन्हा नळी. पुन्हा. पान बाटलीत गरगर फिरत होतं. तिला ते दिसत होतं, एवढंच.

हळूहळू ओठांचा रंग परतला.

विश्वेश भिंतीला टेकला. "जगेल?"

"आत्ता श्वास चालतोय. छातीत किती गेलं ते उद्या कळेल."

मशीन बंद.

डावी

"काका, आता पुन्हा डाव्या कुशीवर. ओढून माझी कंबर गेलीय. खांद्याखाली हात घाला."

"माझी पूजा—"

त्याने पळी खिडकीत ठेवली. खांद्याखाली हात घातले.

"एवढीच उरलीय?"

"ओढू नका. सालटं निघतात. उचला."

त्याने उचललं.

"आता उशी द्या. टाचेखाली नको. पोटरीखाली."