देवाजीचा संप

रजतच्या मोटरसायकलवर मागे बसून वामनराव दारूगोळ्याच्या कारखान्याच्या फाटकाशी आले, तेव्हा पहिली पाळी सुटायला थोडाच वेळ उरला होता. निवृत्तीनंतर ते इकडे फिरकले नव्हते. फाटकाबाहेर समोरासमोर दोन मंडप होते. दोन पक्षांच्या दोन युनियन. चहाची टपरी मात्र अजून मधोमधच.

"काका, जास्त काही नाही," त्यांच्या युनियनचा तरुण सेक्रेटरी रजत म्हणाला. "कारगिलच्या टायमाले आपल्या युनियननं कारखाना चालू ठेवला, इतकंच सांगा. उद्या मतदान आहे."

जन्मभर वामनरावांनी युनियनची पत्रकं लिहिली होती. बोलायची वेळ आली की ते चहा सांगायला जात.

त्यांना कारगिलच्या उन्हाळ्यातली ती सकाळ आठवली. समोरच्या युनियनचा देवाजी स्टुलावर चढला होता. पगारवाढीचा संप त्याचा, सारे कामगार त्याच्या मागे. संप झाला असता तर वामनरावांच्या युनियनला कुत्र्यानंही विचारलं नसतं. आणि देवाजी म्हणाला, "तिकडं पहाडावर पोरं लढून राहिली गा. आपलं भांडण कुठं पळून चाललं? चला आत!"

त्याच्याच माणसांनी त्याला विकाऊ म्हटलं. पुढची निवडणूक तो हरला. एरवी दिवसभर भांडून दोन्हीकडचे एकाच किटलीतला चहा प्यायचे. संप मागे घेतला त्या दिवशी मात्र देवाजीसोबत टपरीवर एकटे वामनरावच होते.

इकडे पाळी सुटली. माईक हातात आला.

"संप... देवाजीनं मागे घेतला होता," ते कसेबसे म्हणाले. "आम्ही नाही. आम्ही त्याच्या मागून आत गेलो."

"काका, हे काय करून राहिले तुमी!" रजतनं माईक ओढून घेतला.

समोरच्या मंडपात टाळ्या पडल्या. रजत तोंड फिरवून मोटरसायकलवर निघून गेला. वामनराव रस्त्याच्या कडेला घाम पुसत उभे राहिले, तोच समोरच्या मंडपातून काठी टेकत देवाजी आला.

"वामन्या, जन्मात एक भाषण केलं, तेही माह्या प्रचाराचं?"

"प्रचार नाही गा. मले आज मत असतं, तर आमच्याच युनियनले दिलं असतं."

"ते मले माहीत नाही का!" देवाजी हसला. "चाल, पोराचा ऑटो आहे. पण त्याच्यावर झेंडा आमचा लागला आहे. बसशील का?"

वामनरावांनी ऑटोकडे पाहिलं, मग आपल्या मंडपाकडे.

"बसतो," ते म्हणाले. "पण घरापाशी नको. चौकातच उतरव."