मशीन खाली होतं

"मशीन कुठंय, सुनंदा?" डॉ. सरदेशमुखांनी मान वर न करता विचारलं.

अंबादास कुलथेंची कवटी उघडून अडीच तास झाले होते. दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवत. गाठ डावीकडे, बोलण्याच्या जागेला चिकटलेली. निम्मी निघाली होती. उरलेली मेंदूसारखीच दिसत होती. कवटी उघडली की मेंदू जरा खाली बसतो, मग आधी काढलेले फोटो जुळेनासे होतात. तेव्हा सोनोग्राफीचा प्रोब थेट मेंदूवर टेकवून गाठ कुठवर आहे ते पाहायचं, ही डॉक्टरांची पद्धत. मशीन त्यासाठीच घेतलंय, असं मालकांनी उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांत टॉवर उगवत होते, आमचं हॉस्पिटलही त्यातलंच एक पीक.

"खाली असेल, सर."

"परत? यार, आज केस आहे हे माहीत नव्हतं त्यांना?"

चांगलं माहीत होतं.

"मग आता अंदाजानं कापू का? उद्या हा माणूस मुका झाला तर?"

मी जिन्यानं खाली धावले. चार नंबरच्या खोलीच्या दारावर पाटी होती : यहाँ लिंग की जाँच नहीं होती. नवा कायदा, नवी पाटी. आत मालक स्वतः एका विशीतल्या मुलीच्या पोटावर प्रोब फिरवत होते. सासू शेजारी उभी.

"सर, मशीन चाहिए. ऊपर दिमाग खुला पड़ा है."

"दस मिनट, सिस्टर. पार्टी सुबह से बैठी है."

पार्टी! वीस वर्षं मी पू पाहिला, सडलेले पाय पाहिले, कधी किळस आली नाही. त्या शब्दाची आली.

"हमारा नंबर पहले है जी," सासू म्हणाली. "दो लड़कियाँ पहले ही हैं."

मी प्लग उपटला. मालक ओरडले, ओरडू दिलं. ट्रॉली वळवताना त्या मुलीनं माझा हात धरला. सकाळपासून पाणी पाजून तिला लघवीलाही जाऊ दिलं नव्हतं, ओठ दाबून पडली होती. "दीदी," ती पुटपुटली, "आज वापस मत लाना."

वर डॉक्टरांनी पोकळीत सलाईन भरलं, प्रोबवर निर्जंतुक पिशवी चढवून तो टेकवला. पडद्यावर कडेला पांढरा गोळा दिसला.

"ही बघ, इथं लपलीय."

तासाभरात गाठ निघाली. बोलण्याच्या जागेला धक्का लागला नाही. टाके पडत होते तेवढ्यात इंटरकॉम वाजला.

"हो गया? नीचे भेज दो. पार्टी बैठी है."

डॉक्टर हातमोजे काढत होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"काय बोलू? गुरुवारी आणखी एक केस आहे, सुनंदा. मशीन त्यांचं आहे." त्यांनी साबण घेतला. "चलो, जाऊ दे."

इतका निष्णात माणूस, आणि हात किती नीट धूत होता! मला किळस आली. प्रोब माझ्या हातात होता. फरशीवर आपटला असता, तर काम संपलं असतं. पण मग गुरुवारच्या माणसाचं काय?

मी प्रोब स्वच्छ पुसला. ट्रॉली लिफ्टमधून स्वतः खाली नेली. ती मुलगी तशीच पडून होती. चाकांचा आवाज ऐकून तिनं ओढणी तोंडावर घेतली. मी दार लावून बाहेर आले. किळस आता माझीच येत होती.

संध्याकाळी अंबादासांनी डोळे उघडले.

"नाव सांगा बघू."

"अंबादास कुलथे," ते अडखळत म्हणाले. "तू कोण गं?"

त्यांच्या बायकोला, इंदुमतीला, रडू आवरेना. "सिस्टर, डॉक्टर सांगत होते, तुम्ही भांडून मशीन आणलंत. बिल्कुल देवासारख्या धावलात." ती माझ्या पायांशी वाकली.

मी पाय मागे घेतले. ती पुढे सरकली. मी आणखी मागे सरले, पाठ भिंतीला लागेपर्यंत.