धुतलेली मधपेटी

लेक शिकायला परगावी गेली आणि घर आवरलेलंच राहू लागलं. सकाळी घातलेली चादर संध्याकाळी तशीच. घासायला घ्यावं तर दोनच ताटं. आईला त्या टापटिपीत करमेना. म्हणून तिनं परसातल्या कोपऱ्यात मधमाश्या पाळायचं डोक्यात घेतलं.

नवरा सुतार. त्याच्या हातातला रंधा थांबला. "अगं, घरात साधी माशी शिरली तरी फडकं घेऊन नाचतेस तू!"

"त्या वेगळ्या, या वेगळ्या."

त्या कोपऱ्यावर त्याचाही कधीपासून डोळा होता, फळ्या रचायला. शेवटी तह झाला. माश्या टिकल्या तर कोपरा तिचा, पळाल्या तर फळ्यांचा.

मधवाल्या काकांनी आपली जुनी पेटी दिली. आतून काळपट, मेणानं माखलेली. "मांडून ठेवा, संध्याकाळी माश्या आणतो," एवढंच म्हणाले. धुऊ नका, हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. कुणाला सुचेल? हिनं मेण खरवडलं, गरम पाणी ओतलं, गुलाबाच्या वासाचा साबण लावून पेटी अशी घासली की तीत बाळ निजवावं. संध्याकाळी माश्या घेऊन आलेल्या काकांचं नाक सर्दीनं बंद होतं, नाहीतर साबणाच्या वासानं माश्या सोडतानाच बोंब झाली असती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि सगळा थवा पेटीतून बाहेर पडला. परसात एक गिरकी घेतली आणि थेट खुंटीला टांगलेल्या सुताराच्या ॲप्रनवर जाऊन लटकला.

हा ॲप्रन म्हणजे घरातलं जुनं भांडण. लाकडाला मेण चोळायचं आणि हात ॲप्रनला पुसायचे, अशी कैक वर्षं गेलेली. उभा केला तर आपोआप उभा राहील. ती धुवायला मागायची, तो लपवायचा.

"पळाल्या! आणू फळ्या?"

"पळाल्या कुठे? परसातच आहेत की!"

"माझ्या ॲप्रनवर आहेत. तहात ॲप्रन नव्हता."

तिनं काकांना फोन लावला.

"पेटीला काय केलंत?"

"काही नाही. जराशी पुसली."

"कशानं?"

"...साबणानं."

काका फोनवरच ओरडले. "बाई, त्यांना घर द्यायचं सोडून दवाखाना दिलात! मेणाचा वास हवा त्यांना. लवकर करा, तिथूनही उठतील."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. लेकीची गाडी सुटली तेव्हा झाला होता, तसाच चेहरा झाला होता तिचा. सुतारानं नुसतं उभं राहायचं होतं, कोपरा आपसूक त्याचा झाला असता. तो आत गेला, आपली मेणाची वडी घेऊन आला आणि पेटी आतून खसाखसा चोळू लागला.

"आता ॲप्रन झटक तू. चादरी झटकून हात तयार आहे तुझा."

मच्छरदाणीचा तुकडा डोक्यावर घेऊन तिनं असा एकच हिसडा दिला की अख्खा घोस पेटीत. मागे राहिलेल्या चारदोन माश्या घोंघावल्या. मग काही जणी पेटीच्या दारातच बुडं वर करून पंख हलवू लागल्या.

"बाकीच्यांना बोलावताहेत," तिनं हे सांगताच फोनवर काका म्हणाले. "राहिल्या."

संध्याकाळी दोघं पायरीवर बसले. पायरीभर मेणाचा चुरा पडला होता. तिचा हात झाडूकडे गेला, आणि परत आला.

"कोपरा तुझा," तो म्हणाला. "आणि ॲप्रन?"

"तिथेच टांगा, पेटीजवळ," ती म्हणाली. "मी धुवायला मागितला तर माझ्या नावानं ओरडा."