गळालेलं शून्य

कारकुनाने आकड्यांच्या ओळीखाली पट्टी धरली आणि तिसऱ्यांदा बेरीज केली. पुन्हा तेच. सात उमेदवारांची मतं आणि एकूण वैध मतं यांत बरोबर नऊशेचा फरक.

निवडणूक कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून त्याने हाच उद्योग मांडला होता. मतदारसंघाचा पहिल्यापासूनचा इतिहास, चौदा निवडणुकांचा. कोण दोनशे बारा मतांनी पडलं आणि पुढच्या खेपेला पक्ष बदलून संसदेत गेलं, नदीपलीकडची गावं कधी तोडून शेजारच्या मतदारसंघाला जोडली, बापाची जागा लेकाने कशी राखली नि नातवाने कशी घालवली. "आधीच कोणी काही वाचत नाही, त्यात आकडे!" असं बायको म्हणायची, पण चहाचा कप मात्र त्या कागदांपासून चार हात लांब ठेवायची.

आठव्या निवडणुकीपाशी गाडी अडली होती. त्याने मतमोजणीच्या फेऱ्यांचे तक्ते उलगडले. यादीत शेवटी एक अपक्ष बाई होती, निशाणी शिलाई मशीन. तिच्या सगळ्या फेऱ्यांची बेरीज एक हजार सत्तेचाळीस भरत होती. अंतिम निकालपत्रावर मात्र १४७. मधलं शून्य गळालं होतं. निवडून आलेला गडी तीस हजारांनी पुढे. तळाच्या ओळीकडे बघायला तेव्हा सवड कोणाला होती?

निकालपत्रावरचं अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

"आता काय करणार?" बायकोने विचारलं.

"पुस्तकात दुरुस्त करीन."

"पुस्तकात कराल हो. त्या बाईचं काय?"

त्याने पट्टी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला. बाई सापडायला वेळ लागला नाही. कपड्यांच्या कारखान्यामागच्या गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत. सत्तरी ओलांडलेली अक्का दाराशी बसून एका शर्टाला काजं करत होती. त्याने निवडणुकीचा विषय काढताच तिची सुई थांबली.

"एकशे सत्तेचाळीस," ती म्हणाली. "पाठ आहे मला. तेवढंच विचारायला आलात?"

"तसं नाही, अक्का. मी काय म्हणतो..." घरून जुळवून आणलेली वाक्यं ऐन वेळी पळून गेली.

"बसा. आलाच आहात तर ऐका. कारखान्यात आम्ही हजारावर बायका. तान्ह्या पोरांना ठेवायला एक खोली मिळेना, म्हणून मला उभं केलं. अर्जावरच्या सह्या ढमीने गोळा केल्या. जिवाभावाची मैत्रीण माझी. मतदानाच्या दिवशी फाटकाशी उभी राहून एकेकीला विचारलं तिने. म्हणाली, अक्के, एकूण एक बाईने तुलाच दिलंय. आणि निघाली किती? मी तिला म्हटलं, तोंडावर गोड बोललीस आणि गळा कापलास. ती रडली, शपथा घेतल्या. मी दार लावून घेतलं."

"मग?"

"मग काय? तीस वर्षं झाली." तिने हनुवटीने समोरचं निळं दार दाखवलं. "तिथे राहते ती. तिच्या लेकीच्या लग्नाला गेले नाही मी. तिचा नवरा गेला तेव्हाही खिडकीतूनच बघितलं."

कारकुनाने पिशवीतून तक्त्यांच्या नकला काढल्या. त्याने ते तिच्या मांडीवरच्या शर्टावर पसरले.

"तुमची मतं एक हजार सत्तेचाळीस होती, अक्का. लिहिताना शून्य राहून गेलं. आणि लिहिणारा मी होतो."

तिने एक कागद जवळ घेतला, लांब धरला. एकेका फेरीवरून बोट फिरवत ओठांतल्या ओठांत आकडे मोजत गेली. चौथ्या फेरीपाशी बोट थबकलं.

"सहाशे बारा?"

"कारखान्याजवळची मतदान केंद्रं होती ती."

गल्लीतून एक सायकल घंटा वाजवत गेली. अक्काने मान वर केली नाही. कारकुनाला ते सहन होईना.

"काय बोलायचंय ते बोला मला. शिव्या घातल्यात तरी चालेल."

"तुमचं नंतर बघते," ती म्हणाली. शर्ट बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात दाबून ती उठली. चपला पायात सरकवताना डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली. तिच्या लक्षात आलं नाही. कागद छातीशी धरून तिने गल्ली ओलांडली. निळ्या दारासमोर हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"काय म्हणू तिला?" मागे न बघता तिने विचारलं.

कारकुनाने मान खाली घातली.

तेवढ्यात दार आतूनच उघडलं. पिकल्या केसांची, जाडजूड बाई उंबऱ्यात उभी होती. बहुधा खिडकीतून सगळं पाहत होती. तिने अक्काकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं, मग पलीकडे खाली मान घालून बसलेल्या कारकुनाकडे.

अक्काने कागद पुढे केला. "वाच."

"मला आता जवळचं दिसतंय कुठे?" ढमी म्हणाली. "तूच वाच."

आणि ती दारातून बाजूला झाली.

कारकुनाने पिशवी उचलली. निळं दार अर्धवट उघडंच राहिलं होतं. आतून अक्काचा आवाज आला, खरखरीत, शाळेत उभं केलेल्या मुलीसारखा.

"पहिली फेरी, एकवीस. दुसरी फेरी, अठ्ठावन्न. तिसरी..."

"हळू गं," ढमी म्हणाली. "घाई कसली आहे?"