बर्फावरचा पहिला दगड

मी बर्फावरून घसरवण्याच्या खेळातला दगड बोलतोय. दगडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मला भीती वाटते. आत्ताही वाटते आहे.

समुद्रातल्या एका बेटावरच्या ग्रॅनाइटचा मी. कारागिराने मला घासून गोल गुळगुळीत केलं, डोक्यावर पितळी मूठ बसवली आणि किर्कलेरीच्या लोहाराने मला घरी नेलं. किर्कलेरी म्हणजे स्कॉटलंडमधलं एवढंसं गाव. एक पूल, बंद पडलेली गिरणी आणि चर्चच्या मनोऱ्यावर तीनच बाजूंना घड्याळ. चौथ्या बाजूच्या गावाने वर्गणी दिली नव्हती, म्हणून तिकडची भिंत कोरी! पाहुणे हौसेने तिचेच फोटो काढतात.

पण गावाचा जीव तळ्यात. ते गोठलं की पुलाच्या वरचे आणि पुलाच्या खालचे यांच्यात सामना ठरलेला. त्याआधी गावातला सर्वांत जुना दगड, म्हणजे मीच, बर्फावर सोडायचा आणि मालकाने झाडू घेऊन त्याच्यामागून चालायचं. दगड पार गेला की खेळ सुरू. लोहार गेला, त्याचा मुलगाही गेला, मी आता नात नेटीकडे असतो. अकरा वर्षं तळं धड गोठलंच नाही, तेव्हा मी तिचं दार उघडं धरून बसलो होतो.

यंदा कडाका पडला. खेळमंडळाचा अध्यक्ष डूगल बर्फाला भोक पाडून, पट्टीने मोजून आला.

"सात इंच! उद्या सामना!"

"मोजलंस कुठे?" नेटीने विचारलं.

"चर्चच्या सावलीत. नेहमीच्या जागी."

"आणि गिरणीचा ओढा येतो तिथे? वाहत्या पाण्यावर बर्फ पातळ असतो."

"अगं, शहात्तरची झालीस. आणखी अकरा वर्षं थांबणार आहेस का?"

"थांबेन की! आधी तुला पोचवीन, मग जाईन," असं म्हणून ती हसली, आणि तिने झाडू उचललाच.

तिने मला सोडलं. सावलीतला बर्फ मुका होता. ओढ्याजवळ मात्र तो माझ्या पोटाखाली कुरकुरायला लागला आणि मी गारठलो. मागे नेटीचे बूट वाजत होते. थांबणं माझ्या हातात नव्हतं. 'मागे फिर, नेटी!' मी आतल्या आत ओरडलो. दगडाचं कोण ऐकतो?

काडकन बर्फ फुटला आणि मी बुडालो. भेग पळत नेटीच्या पायांपर्यंत गेली. मागून धावत आलेल्या डूगलने पालथं पडून आपल्या झाडूचा दांडा पुढे केला आणि तिला ओढून घेतलं.

मी आता चिखलात आहे. माझं काही बिघडलेलं नाही. पण वरून बोलणं ऐकू येतंय.

"आजोबांचा दगड आहे तो. आकडा टाकून मीच काढते."

"थांब, मी बर्फ पुन्हा मोजतो."

"तू तर मोजूच नकोस, मेल्या!"

नेटी, बाई, हात जोडतो, मला हात नसले तरी! मार्चमध्ये बर्फ वितळेल, तेव्हा होडी घेऊन ये. नाहीतर येऊच नकोस, मला इथेच राहू दे. दगड गावाला दुसरा मिळेल. आता आणखी एक पाऊलही टाकू नकोस गं, माझ्या डोक्यावरचा बर्फ वाकतोय.